फक्त बंदच पडतं ना?

ह्या शनिवारची गोष्ट एका चिन्हाची आहे: &. दुकानांच्या पाट्यांवर 'अमुक & सन्स' असं ऐटीत बसणारं हे चिन्ह २००९ च्या सप्टेंबरात भलत्याच कारणासाठी गाजलं. नेटवर्कवरच्या एका छोट्याशा संदेशात, जिथे शून्य असायला हवा नेमक्या त्या जागी हे चिन्ह टाकायचं आणि तो संदेश विंडोज व्हिस्टाच्या मशीनला पाठवायचा. समोरच्या मशीनवर फाइल शेअरिंग चालू असेल आणि फायरवॉलने वाट अडवलेली नसेल, तर पडदा तत्क्षणी निळा. पासवर्ड नको, समोरच्याने कशावर क्लिक करायला नको, काही नको. संदेश सगळा मिळून दीडशे-एक बाइट्सचा. हा परिच्छेदच त्याहून कितीतरी मोठा झालाय.

लोराँ गाफिए नावाच्या संशोधकाने ७ सप्टेंबर २००९ ला हे जगजाहीर केलं. सोमवार होता आणि अमेरिकेत लेबर डेची सुट्टी. दुसऱ्या दिवशी मायक्रोसॉफ्टचा 'पॅच ट्यूजडे', म्हणजे महिन्याचे सगळे पॅचेस एकगठ्ठा देण्याचा मंगळवार. तो गठ्ठा अर्थातच आधी बांधून तयार होता, त्यात ह्या बगवर काही औषध नव्हतं. मायक्रोसॉफ्टने त्याच मंगळवारी एक धोक्याची सूचना काढली, आणि खरा पॅच यायला १३ ऑक्टोबर उजाडला. मधले पाच आठवडे जगभरच्या सिस्टम अ‍ॅडमिन लोकांपुढे एकच प्रश्न: हे गंभीर आहे, की नुसतंच मशीन पडतंय?

मला ह्या गोष्टीत रस आहे तो ह्या 'नुसतंच' मुळे.

ज्या हल्ल्यात काही चोरीला जात नाही, कोणी आत शिरत नाही, फक्त यंत्र किंवा सेवा बंद पडते, त्याला 'डिनायल ऑफ सर्व्हिस' म्हणतात. लाडाचं नाव डॉस. (आपल्या लहानपणीच्या काळ्या पडद्याच्या डॉसशी गल्लत नको. अर्थात त्या डॉसचाही ह्या कथेत संबंध आहे, तो येईलच.) आमच्या धंद्यात डॉस हा सावत्र मुलगा. 'रिमोट कोड एक्झिक्युशन' म्हटलं की रात्री अकरा वाजता फोन वाजतात. डॉस म्हटलं की पुढच्या तिमाहीत बघू. हा भेद अगदी चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, सगळ्यालाच आग लागली म्हटलं तर बंब पाठवायचा कुठे? पण फाइल शेअरिंगचा इतिहास वाचताना सारखं दिसत राहतं की ती चिठ्ठी चिकटवणारा माणूस बरेचदा बगकडे बघतच नसतो, बगच्या पहिल्या परिणामाकडे बघत असतो.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. विंडोजमध्ये आपण दुसऱ्याच्या मशीनवरचं फोल्डर उघडतो तेव्हा दोन मशीन्समध्ये जी बोलाचाली होते तिचं नाव एसएमबी. तिचा जन्म १९८३ च्या सुमाराचा, आयबीएममध्ये. बॅरी फायगेनबॉम हा तिचा जनक. त्या काळच्या डॉसमध्ये एखाद्या प्रोग्रॅमला फाइल उघडायची असली की तो इंटरप्ट २१ ला हाक मारायचा. फायगेनबॉमची कल्पना सरळ होती: ही हाक मधल्यामधे पकडायची, एका पाकिटात भरायची आणि तारेवरून दुसऱ्या मशीनकडे पाठवायची. प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही की फाइल शेजारच्या टेबलावरच्या मशीनमध्ये आहे. गंमत म्हणजे त्याने आधी प्रोटोकॉलचं नाव ठेवलं होतं 'बीएएफ', स्वतःची आद्याक्षरं! बाहेर पडण्याआधी ते बदलून 'सर्व्हर मेसेज ब्लॉक' झालं. इंजिनिअरला नाव ठेवायला सांगितलं की असं होतं.

तर हा एका ऑफिसातल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या मशीन्ससाठीचा शेजारधर्म होता. शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला जाताना कोणी ओळखपत्र दाखवत नाही. पुढे हेच मायक्रोसॉफ्टने उचललं, लॅन मॅनेजरमध्ये घातलं, १९९२ च्या 'विंडोज फॉर वर्कग्रुप्स'मध्ये घातलं आणि त्यावर वर्षानुवर्षं मजले चढवत नेले. लिहिलेले नियम आणि प्रत्यक्षातलं वागणं ह्यात इतकं अंतर पडत गेलं की ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलने १९९१-९२ मध्ये युनिक्सवर असाच सर्व्हर लिहायला घेतला तेव्हा तो तारेवरून जाणारी पाकिटं बघून बघून भाषा शिकला. त्यातून पुढे 'सांबा' उभा राहिला. (शोलेतला नव्हे. एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमाने येणारे शब्द त्याने शब्दकोशात शोधले, त्यात हा सापडला.)

मग इंटरनेट आलं आणि वाड्यातली ही दारं एकदम हमरस्त्यावर उघडी झाली.

पहिला मोठा दणका मे १९९७ चा, विननुक. फाइल शेअरिंग तेव्हा नेटबायॉस ह्या थरावरून चालायचं आणि पोर्ट १३९ वर ऐकत बसायचं. टीसीपीमध्ये एखादा मजकूर 'तातडीचा' आहे अशी खूण करायची सोय आहे. विननुक एवढंच करायचं: पोर्ट १३९ ला जोडणी करायची आणि तातडीची खूण करून काहीतरी पाठवायचं. काय पाठवलं ह्याला महत्त्व नाही. ह्या दारावर तातडीचं पत्र येईल अशी विंडोज ९५ आणि एनटीच्या त्या कोडची कल्पनाच नव्हती. पत्र आलं की मशीन आडवं. चॅटरूममध्ये भांडण झालं की लोक एकमेकांची मशीन्स पाडायचे. त्या काळातल्या लोकांना विचारा, अजून हसत हसत सांगतात.

दुसरा प्रसंग ऑगस्ट २००२ चा. ह्या खेपेला एसएमबीच्याच एका विनंतीत 'उत्तर जास्तीत जास्त एवढंच मोठं असावं' असा आकडा असतो, तिथे शून्य लिहायचा. एनटी, २०००, एक्सपी तिन्ही पडायची. मायक्रोसॉफ्टने एमएस०२-०४५ ह्या क्रमांकाने पॅच दिला आणि वर्गवारी केली: मध्यम. ह्यावर 'एसएमबीडाय' नावाचं एक पिटुकलं टूल निघालं, पत्ता टाका आणि बटण दाबा. आमच्या हॉस्टेलच्या लॅनवर हे टूल २००३ मध्ये फिरत होतं. काउंटर स्ट्राइकमध्ये हरायला लागलेला एक महाभाग (आज तो एका बँकेच्या सायबर सुरक्षा विभागात आहे, त्यामुळे नाव सांगत नाही) समोरच्या टीमची मशीन्स एकेक करून झोपवायचा. आम्हाला वाटायचं वीज कमी-जास्त होतेय.

ह्या दोन्ही गोष्टींतलं एक साम्य लक्षात घ्या, पुढे लागेल. मशीन पडतं ते पासवर्ड विचारण्याच्या आधी, किंवा अनामिक पाहुणा म्हणून आत घेतल्यावर. 'कोण तुम्ही?' हा प्रश्न येण्याआधीच कोड कामाला लागलेला असतो. 'मी अमुक अमुक भाषा बोलू शकतो, तुला कोणती येते?' ही जी पहिली देवघेव असते तिला एसएमबीत निगोशिएट म्हणतात. ती बिचारी सगळ्यांसाठी खुली ठेवावीच लागते. नमस्कार करायला पासवर्ड कसा मागणार?

आता परत व्हिस्टा. मायक्रोसॉफ्टने व्हिस्टामध्ये एसएमबीची दुसरी आवृत्ती आणली, एसएमबी२. हेतू खरंच चांगला होता. जुन्या एसएमबीत आज्ञा आणि उपआज्ञा मिळून शंभराच्या वर गेल्या होत्या. एसएमबी२ मध्ये त्या १९ वर आणल्या. जुना पसारा नको, नवा कोरा कोड. मला विचाराल तर योग्य निर्णय. पण एक अडचण होती: जुन्या आणि नव्या मशीन्सना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे. म्हणून नव्या क्लायंटने पहिला नमस्कार जुन्या एसएमबीच्या साच्यातच करायचा आणि यादीत हळूच म्हणायचं, 'मला एसएमबी२ सुद्धा येतं.' सर्व्हरला तेही येत असेल तर तो पुढची बोलणी नव्या ड्रायव्हरकडे सोपवणार.

इथे माशी शिंकली.

समजा तुमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे पाहुण्यांचं रजिस्टर आहे. जुन्या रजिस्टरात चौथा रकाना गाडीच्या नंबराचा. कमिटीने नवीन रजिस्टर छापून घेतलं, त्यात चौथा रकाना फ्लॅट नंबरचा. सोसायटीत फ्लॅट एकूण १९. आता एक पाहुणा जुन्याच पद्धतीची चिठ्ठी घेऊन आला आणि वॉचमनने ती नव्या रजिस्टराच्या सवयीने वाचली. चौथ्या जागी ९७२८ लिहिलंय. वॉचमन मोठा आज्ञाधारक. 'सोसायटीत ९७२८ नंबरचा फ्लॅट आहे का?' असं काही न विचारता तो मोजत चालायला लागला. शेवटच्या फ्लॅटच्या पुढे, कंपाउंडच्या पुढे, नाल्याच्या पुढे, आणि ९७२८ वं जे काही आलं त्याचा दरवाजा ढकलून आत गेला.

कोडमध्ये झालं ते शब्दशः हेच. जुन्या एसएमबीच्या हेडरमध्ये सुरुवातीपासून १२ बाइट्स सोडून पुढची दोन बाइट्स 'प्रोसेस आयडी'च्या वरच्या अर्ध्या भागाची. एसएमबी२ च्या हेडरमध्ये बरोब्बर त्याच जागी आज्ञेचा क्रमांक. नमस्कार जुन्या साच्यात आलेला, वाचणारा नव्या ड्रायव्हरमधला. त्या ड्रायव्हरकडे फंक्शन्सच्या पत्त्यांचं एक कोष्टक होतं: आज्ञा क्रमांक अमुक तर अमुक फंक्शन. त्याने प्रोसेस आयडीलाच आज्ञा क्रमांक समजून कोष्टकात बोट ठेवलं. आकडा कोष्टकात मावतो का, ही तपासणी नाही. गाफिएने त्या दोन बाइट्समध्ये एक शून्य आणि एक & टाकला होता. इंटेलच्या उलट्या वाचनपद्धतीने त्याचा आकडा होतो ९७२८. बत्तीस बिटी मशीनवर प्रत्येक पत्ता चार बाइट्सचा, म्हणजे कोष्टकाच्या सुरुवातीपासून ३८,९१२ बाइट्स पुढे जाऊन तिथे जे काही पडलेलं होतं त्याला फंक्शनचा पत्ता समजून ड्रायव्हरने उडी मारली. ड्रायव्हर कर्नलमध्ये चालणारा, त्यामुळे उडी चुकली की एकटा प्रोग्रॅम मरत नाही. अख्खं मशीनच निळं होतं.

सगळी गोम ह्या उडीत आहे, म्हणून जरा रेंगाळू.

त्या दोन बाइट्समध्ये काय लिहायचं हे पाठवणारा ठरवतो. ६५,५३६ शक्यता. कोष्टकापासून पुढच्या २५६ किलोबाइट्समध्ये कुठे उडी मारायची ह्याची निवड अनोळखी माणसाच्या हातात. गाफिएचा & ही त्यातली फक्त एक निवड, आणि ती कचऱ्यात पडली म्हणून निळा पडदा दिसला. ज्याच्याकडे चिकाटी आहे तो म्हणणार, उरलेल्या ६५,५३५ पैकी एखादी निवड मला हव्या त्या ठिकाणी नेईल का? तिथे आधी मला हवं ते मांडून ठेवता येईल का?

आठ-दहा दिवसांत उत्तर आलं. इम्युनिटी ह्या सुरक्षा कंपनीतल्या कोस्त्या कोर्चिन्स्कीने मशीन न पाडता ताब्यात घेऊन दाखवलं. ते कंपनीच्या गिऱ्हाइकांपुरतं होतं. सप्टेंबर संपता संपता स्टीफन फ्यूअरने तेच मेटास्प्लॉइटमध्ये आणलं, म्हणजे कोणालाही फुकट. बग तोच, बाइट्स त्याच जागचे. ७ तारखेला जो 'निळा पडदा' होता तो महिनाअखेरीला 'या, बसा, मशीन तुमचंच' झाला होता. इथे मायक्रोसॉफ्टला एक श्रेय द्यायला हवं. त्यांच्या ८ तारखेच्या सूचनेतच दुरून कोड चालवता येण्याची शक्यता लिहिलेली होती. बाकीचं जग 'व्हिस्टा पडतंय बघा' ह्या मथळ्यावर खूश होतं.

आणि एक श्रेय काढूनही घ्यायला हवं. विंडोज ७ ची चाचणी आवृत्ती ह्या बगला बळी पडत होती, पण जुलै २००९ मध्ये पक्की झालेली अंतिम आवृत्ती पडत नव्हती. म्हणजे गाफिएच्या आधी नव्या घरातला तो कोड बदललेला होता. व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ वापरणारे गिऱ्हाईक मात्र जुन्याच घरात राहत होते. नव्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त केल्यावर त्याच कंपनीची जुन्या इमारतीतली लिफ्ट बघायची असते, हे बिल्डरला सांगावं लागावं का?

तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत होतो (नाव नको). आमच्याकडे सर्व्हर २००८ ची दोन मशीन्स होती, एकावर बिल्ड चालायचं, दुसऱ्यावर सगळ्या टीमच्या फाइल्स. आमचे सिस्टम अ‍ॅडमिन पन्नाशीचे, सगळे त्यांना काका म्हणायचे. त्या आठवड्यातल्या मीटिंगमध्ये आमचे मॅनेजर म्हणाले, "काका, डॉसच आहे ना हा? पडला सर्व्हर तर रिस्टार्ट करू. रिलीज आहे शुक्रवारी, आत्ता हात नका लावू." काकांचं उत्तर माझ्या वहीत तसंच लिहिलेलं आहे: "साहेब, तो पडतो म्हणजे कोणाच्या तरी सांगण्यावरून कुठेतरी जाऊन पडतो. आज खड्ड्यात जातोय. उद्या कोणाच्या घरी जाईल ते तुम्ही सांगणार का मला?"

त्याच संध्याकाळी काकांनी दोन्ही मशीन्सवर रजिस्ट्रीत बदल करून एसएमबी२ बंद केलं. मायक्रोसॉफ्टचाही तात्पुरता सल्ला तोच होता. ते बंद केल्यावर मशीन्स कशावर चालली? जुन्या एसएमबी१ वर. म्हणजे २००९ मध्ये सुरक्षित राहण्यासाठी जगभरच्या काकांनी नवा कोड बंद करून जुन्याचा आसरा घेतला. तेव्हा ते शंभर टक्के बरोबर होतं. आठ वर्षांनी हा आसरा काय निघाला ते सगळ्यांना माहीत आहे.

२०१७ वर येण्याआधी उलट्या बाजूचं एक उदाहरण, नाहीतर मी एकतर्फी लिहितोय असं होईल. फेब्रुवारी २०१७ च्या सुरुवातीला एसएमबीत आणखी एक डॉस जाहीर झाला. जाहीर करणारा पुन्हा लोराँ गाफिए! ह्या वेळी बळी सर्व्हर नव्हता, क्लायंट होता. तुम्ही कोणाच्या तरी दुष्ट सर्व्हरला जोडले गेलात, त्याने गरजेपेक्षा लांबलचक उत्तर दिलं, की तुमचं विंडोज १० निळं. अमेरिकेच्या सर्ट समन्वय केंद्राने आधी दहापैकी दहा गुण दिले, कोड चालवता येईल अशी शंका धरून. मग तपासल्यावर गुण ७.८ वर आणले, कारण इथे खरंच नुसतं पडणंच होतं. कोड शून्य पत्त्यावर वाचायला जात होता आणि तिथून पुढे पाठवणाऱ्याला कसलीच निवड नव्हती. गाफिएने मायक्रोसॉफ्टला आधी कळवलेलं होतं, पण पॅच लांबत गेला. त्या फेब्रुवारीचा पॅच ट्यूजडे तर मायक्रोसॉफ्टने रद्दच केला आणि दुरुस्ती १४ मार्चला आली. दोन्ही बग्स सारखेच निळे, फरक एवढाच की उडी कुठे मारायची ते २००९ मध्ये पाठवणारा ठरवू शकत होता आणि २०१७ मध्ये नाही. हे रंगावरून कळत नाही, कोड उघडून बसावं लागतं.

त्याच १४ मार्चच्या गठ्ठ्यात एमएस१७-०१० हा पॅच होता. हा त्या जुन्या, आसऱ्याच्या एसएमबी१ मधला बग. अमेरिकेच्या एनएसए ह्या गुप्तहेर संस्थेने तो कितीतरी आधी शोधून स्वतःजवळ ठेवला होता आणि त्यावर बनवलेल्या हत्याराचं नाव होतं इटर्नलब्लू. ते हत्यार सुरुवातीला इतकी मशीन्स पाडायचं की आतले लोक त्याला 'इटर्नलब्लूस्क्रीन' म्हणायचे, असं मे २०१७ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने छापलं होतं. म्हणजे जगातलं सगळ्यात कुप्रसिद्ध झालेलं हत्यारसुद्धा बाळपणी डॉसच होतं! कोणीतरी बसून त्याचं पडणं कमी करत नेलं, इतकंच.

एप्रिलमध्ये हे हत्यार 'शॅडो ब्रोकर्स' नावाच्या टोळीने इंटरनेटवर टाकलं, १२ मेला वॉनाक्राय आला. ब्रिटनची हॉस्पिटलं, स्पेनची टेलिफोन कंपनी, वगैरे आपण पेपरात वाचलेलंच आहे. मला त्यातली एक बारीक गोष्ट आवडते. सगळ्यांना वाटलं होतं की सगळ्यात जास्त मार जुन्या विंडोज एक्सपीला बसेल. प्रत्यक्षात पसरण्यात एक्सपीचा वाटा फारच थोडा निघाला, बहुतेक मार विंडोज ७ ने खाल्ला. का? कारण वॉनाक्रायमधला इटर्नलब्लू एक्सपीवर नीट चालतच नव्हता. एक्सपी नुसतं निळं व्हायचं. पडलं म्हणून वाचलं.

जून २०१७ च्या २७ तारखेला नॉटपेट्या आला. सुरुवात युक्रेनमध्ये, एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि आत शिरल्यावर पसरायला पासवर्डचोरीच्या जोडीला हाच एसएमबीचा रस्ता. मेर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या एपीएम टर्मिनल्समुळे त्याची झळ थेट आपल्या उरणपर्यंत आली. जेएनपीटीमधलं त्यांनी चालवायला घेतलेलं टर्मिनल अडकलं, संगणकाने करायची कामं हाताने करायची पाळी आली. कंटेनर घेऊन आलेल्या ट्रकवाल्याला विचारा 'सेवा नाकारली जाणं' म्हणजे काय. त्याच्या लेखी माहिती चोरीला गेली की नुसतं मशीन पडलं ह्यात काडीचा फरक नाही. त्याचा ट्रक उभा आहे.

त्याच उन्हाळ्यात, जुलैअखेर, लास व्हेगासच्या डेफकॉनमध्ये शॉन डिलन आणि झॅक हार्डिंग ह्या दोघांनी आणखी एक बग मांडला. इटर्नलब्लूची चिरफाड करता करता तो त्यांच्या हाती लागला होता. नाव ठेवलं एसएमबीलोरिस. हा मला सगळ्यांत मोहक वाटतो, कारण ह्यात कसलीच चुकीची उडी नाही. सभ्यपणाचाच गैरफायदा.

प्रत्येक एसएमबी संदेशाच्या पुढे चार बाइट्सचं एक छोटं हेडर लागतं, नेटबायॉसच्या काळापासून. त्यात पुढे येणाऱ्या संदेशाची लांबी असते. हल्लेखोर जोडणी करतो, फक्त ही चार बाइट्स पाठवतो, त्यात म्हणतो की माझ्यामागून १२८ किलोबाइट्स येताहेत, आणि गप्प बसतो. विंडोज बिचारं लगेच तेवढी जागा राखून ठेवतं, तीसुद्धा कर्नलच्या अशा मेमरीत की जी डिस्कवर ढकलता येत नाही. अर्धा मिनिट वाट बघतं. तोवर दुसरी जोडणी, तिसरी जोडणी... एका पत्त्यावरून साधारण ६५ हजार जोडण्या करता येतात. गुणाकार करा, आठ जीबी होतात. आयपीव्ही६ वरून पुन्हा तेवढ्याच, म्हणजे सोळा. पंगतीत शंभर पानं मांडायला सांगून यजमानाला तिष्ठत ठेवण्याचा प्रकार. मोठ्यातला मोठा सर्व्हर गुदमरून थिजतो, कधी कधी निळा पडदासुद्धा काढता येत नाही इतका. त्यांनी हे वीसेक ओळींच्या पायथनने आणि एका रास्पबेरी पायवरून करता येतं असं दाखवलं. विंडोज २००० पासून विंडोज १० पर्यंत सगळी मशीन्स ह्यात बसत होती.

मायक्रोसॉफ्टने पॅच द्यायचं नाकारलं. त्यांचं म्हणणं, ह्यात गंभीर सुरक्षेचा प्रश्न नाही. काळजी वाटत असेल तर इंटरनेटवरून येणारं एसएमबी फायरवॉलवर अडवा. एक इंजिनिअर म्हणून मला त्यांची बाजू कळते. ह्यात कोणाच्या हातात उडी नाही, आणि ह्याचं सरळसोट उत्तर म्हणजे तीस वर्षांच्या सवयीचा कोड उकरणं. पण हे उत्तर आलं ते वॉनाक्राय आणि नॉटपेट्या नुकतेच येऊन गेलेले असताना. हे दोन्ही किडे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर पसरले होते, जिथे एसएमबी कोणीच अडवत नाही, कारण अडवलं तर फाइल्सच मिळत नाहीत. 'बाहेरून अडवा' हा सल्ला अजूनही असं धरून चालतो की आतले सगळे एकमेकांना ओळखतात.

त्या वर्षाच्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबी१ नव्याने टाकलेल्या मशीन्सवर मुळातच बंद असतं. फायगेनबॉमच्या हाकेला तोवर चौतीस वर्षं झाली होती. चार बाइट्सचं ते हेडर मात्र गेलेलं नाही. नेटबायॉस उतरलं, पोर्ट १३९ च्या जागी ४४५ आलं, एसएमबी३ आलं, एन्क्रिप्शन आलं. आज सकाळी तुम्ही ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमधून एखादी एक्सेल शीट उघडली असेल तर तिच्या प्रत्येक पाकिटाच्या पुढे ती चार बाइट्स होती, मागून किती येतंय ते सांगत.